पहिल्या डोसच्या आधीची बाटली

अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंचा विषय मायदेशात निघाला की बोट आधी केमिस्टकडे जातं. 1 मार्च 2014 पासून एच-वन परिशिष्टातल्या (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या, कडक नोंदीच्या यादीतल्या) औषधांची विक्री वेगळ्या रजिस्टरात नोंदवून ती नोंद तीन वर्षं जपायची आहे. ते काटेकोर व्हायलाच हवं. पण मेरोपेनेम, कोलिस्टिन ही शिरेतून द्यायची राखीव अँटिबायोटिक्स (इतर औषधं चालेनाशी झाल्यावर वापरायची) मुख्यतः रुग्णालयात खर्च होतात, आणि तिथल्या सवयींवर वाद फारसा होत नाही.

इथे नेदरलँड्समध्ये 2014 पासून प्रत्येक रुग्णालयात अँटिबायोटिक पथक सक्तीचं आहे. राखीव औषध सुरू झालं की सूक्ष्मजीवतज्ज्ञ किंवा फार्मासिस्ट विचारतात: कल्चर (रक्तातला किंवा लघवीतला जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखायची चाचणी) पाठवलं का? रिपोर्ट काय? आज बंद करता येईल का?

आपल्याकडे पहिल्याच प्रश्नावर घोडं अडतं. प्रौढ रुग्णाचं रक्त दोन वेगळ्या जागांहून, प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली, पहिल्या डोसच्या आधी घ्यायचं. क्लोरहेक्सिडीन-स्पिरिटने पुसलेली त्वचा पूर्ण वाळू द्यायची. घाईत एकच बाटली, तीही 3 मिलीची भरली तर खरा जंतू निसटतो. कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस मात्र वाढतो आणि रुग्णाला विनाकारण व्हँकोमायसिन हे आणखी एक अँटिबायोटिक लागतं. कॅथेटरच्या पिशवीतून घेतलेल्या लघवीचंही तेच. शॉकमधल्या रुग्णाचा डोस यासाठी तासभर थांबवायचा नाही, पण रक्त काढायला काही मिनिटं पुरतात. मग 48 ते 72 तासांनी रिपोर्ट बघून औषध बदलायचं किंवा थांबवायचं. ही दुसरी पायरी आपल्याकडे सर्रास गळते, कारण चालू औषध बंद करण्याची जबाबदारी कोणाच्याच नावावर नसते.

ऑपरेशनचंही तसंच. बहुतेक शस्त्रक्रियांना चिरेच्या आधीच्या तासाभरातला एक डोस पुरतो. टाके निघेपर्यंत इंजेक्शनं चालू ठेवल्याने जखम सुरक्षित होत नाही, आतड्यातले प्रतिरोधक जंतू तेवढे निवडून वाढतात.

भारतातल्या रुग्णालयात नुकताच राहिलेला रुग्ण इथे दाखल झाला की त्याच्या अंगावर प्रतिरोधक जंतू आहेत का हे बघायला त्याला वेगळ्या खोलीत ठेवून नाक, घसा, गुदद्वाराचे स्वॅब घेतात. अनेकांना हा अपमान वाटतो. 2010 मध्ये एनडीएम-1 (न्यू दिल्ली मेटालो-बीटा-लॅक्टमेझ, जंतूंचं राखीव अँटिबायोटिक्स निकामी करणारं एन्झाइम) या नावातल्या दिल्लीवरून असाच संताप उसळला होता. नावावरचा आक्षेप मला पटतो, पण त्या गदारोळात जंतू कसा पसरतो हा प्रश्न मागे पडला. तो हातांवरून आणि नळ्यांवरून पसरतो.

स्वतंत्र खोल्या आपल्या गर्दीच्या वॉर्डांना लगेच परवडणार नाहीत, हे मान्य. इथे कल्चरचा खर्च विम्यातून जातो, तिथे बहुधा नातेवाइकांच्या बिलात चढतो. हाही खरा अडसर आहे. म्हणून सरकारी योजनांनी कल्चरचे पैसे वेगळे द्यावेत, अशी मागणी आधी व्हावी. 'रात्री लॅब बंद असते' हे कारण मात्र टिकत नाही. भरलेली बाटली फ्रिजमध्ये न टाकता खोलीच्या तापमानाला ठेवावी आणि सकाळी सगळ्यात आधी मशीनमध्ये लावावी. उशिराने थोडं नुकसान होतं, पण डोसनंतर घेतलेल्या रक्तापेक्षा ती कितीतरी जास्त सांगते.