नजर कुठे आणि लक्ष कुठे : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या नजरेविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण गुहागरहून पाठवलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले तीन आक्षेप आहेत. ज्याची नजर बाईंकडे नाही त्याचे लक्षही नाही, हे आपण वर्गात तीस वर्षे पाहिले आहे; ‘नजर मिळवण्याचा हट्ट धरू नका’ या माझ्या वाक्याने पालकांना खोटा दिलासा मिळेल; आणि परदेशी प्रयोगशाळांतले निष्कर्ष मी इथल्या मुलांना परस्पर लावतो आहे. तिसरा आक्षेप मला बराचसा मान्य आहे, दुसरा निम्मा. पहिला मान्य नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझा स्वमग्न भाचा दहा वर्षांचा आहे. कुडाळजवळच्या आमच्या गावी जत्रेला दशावतार असतो, तेव्हा तो राजाकडे बघत नाही, राणीकडेही नाही. कडेला बसलेल्या पखवाजवाल्याच्या हातांवरून त्याची नजर हलत नाही. नातेवाईक म्हणतात, ह्याला नाटकातले काय कळणार! पण राक्षस आरोळी ठोकत रंगमंचावर येण्याच्या काही क्षण आधी हा दोन्ही कानांवर हात ठेवून तयार असतो, कारण पखवाजाची चाल बदललेली त्याने पाहिलेली असते. त्या वेळी समोर बसलेल्या आम्हा मंडळींपैकी नाटकाकडे जास्त लक्ष कोणाचे होते, ते आपणच ठरवा. (‘स्वमग्न’ हा मराठीत रुळलेला शब्दच मला थोडा खटकतो; मूल स्वतःतच बुडालेले आहे, असा निकाल तो तपासणीआधीच देऊन टाकतो.)

नजर मोजणारे यंत्र डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकते आणि त्याचे प्रतिबिंब व डोळ्याची बाहुली यांच्या स्थानांवरून नजर कुठे टेकली ते सांगते. आपली नजर सेकंदाला साधारण तीन वेळा उडी मारते, आणि एका वेळी अगदी स्पष्ट दिसणारा भाग हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढाच असतो. पण लक्ष त्या नखाएवढ्या जागेत कोंडलेले नसते. घाटात गाडी चालवणाऱ्याची नजर वळणावर असते, तरी कडेने उतरणारी म्हैस त्याला कळते. यंत्र नजर मोजते. लक्षाचा अंदाज माणसे बांधतात, आणि चूक होते ती तिथे.

आपण ज्या संशोधनावर बोट ठेवलेत ते आमी क्लिन, वॉरन जोन्स या अमेरिकेतील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केले. 15 स्वमग्न तरुणांना एका चित्रपटातील प्रसंग दाखवले, तेव्हा पात्रांच्या डोळ्यांवर त्यांनी घालवलेला वेळ तुलनेसाठी घेतलेल्या, स्वमग्न नसलेल्या गटाच्या निम्म्याहूनही कमी भरला. सगळीकडे सांगितले जाते ते एवढेच. त्याच अभ्यासात स्वमग्न गटातील जे तरुण तोंडाकडे जास्त बघत होते, त्यांचे सामाजिक वागणे तुलनेने अधिक सुधारलेले आढळले, आणि जे वस्तूंकडे जास्त बघत होते त्यांचे कमी. म्हणजे डोळे टाळणारे सगळे एकाच कारणाने टाळत नाहीत. काही जण बोलण्याचा अर्थ ओठांवरून लावत असावेत. पुढे 2005 मध्ये किम डाल्टन या संशोधिकेला आणि सहकाऱ्यांना असे दिसले की स्वमग्न व्यक्ती चेहऱ्यातील डोळ्यांवर जितका जास्त वेळ थांबतात, तितका मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीतीसारख्या तीव्र भावनांशी जोडलेला भाग, अधिक सक्रिय होतो. आपण एका मुलाची हनुवटी धरून ‘इकडे बघ’ म्हणायचात आणि तो बघायचाही, असे आपण लिहिले आहे. आमच्या घरीही हा प्रयोग झाला. भाचा बघायचा, पण तेवढ्या वेळात विचारलेला प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचायचाच नाही.

दुसऱ्या आक्षेपातले खरे असे की तान्हेपणातली नजर गंभीरपणे घ्यावी लागते. पुढे ज्यांना स्वमग्नतेचे निदान झाले, अशा बाळांचे डोळ्यांकडे बघणे दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान घटू लागते, असे जोन्स आणि क्लिन यांनी 2013 मध्ये दाखवले. बाळ नजर देत नसेल तर ‘मोठा झाला की होईल’ म्हणत थांबू नये, हे मी लेखात स्पष्ट लिहायला हवे होते. मात्र नजर हेच निदान नव्हे. नजर मोजून निदानाला मदत करणाऱ्या एका उपकरणाला अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता मिळाली. 475 लहान मुलांवरच्या त्याच्या अभ्यासात, तज्ज्ञांनी स्वमग्न ठरवलेल्या मुलांपैकी 71 टक्केच त्याने ओळखली.

तिसऱ्याविषयी वाद नाही. 15 माणसांचा गट लहानच. शिवाय वडीलधाऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणे जिथे उद्धटपणाचे मानतात, त्या आपल्या घरांत ‘नेहमीची नजर’ कशाला म्हणायचे, हे इथेच मोजायला हवे.

मग शिक्षकाने करायचे काय, असे आपण शेवटी विचारले आहे. भाच्याच्या बाई आता त्याच्या समोर न बसता शेजारी बसतात, तो बघत असेल तिथे पुस्तक सरकवतात, प्रश्न एकदाच विचारतात आणि मनात दहा आकडे मोजतात. उत्तर बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आकड्याला येते, खिडकीबाहेरच्या माडाकडे बघत.

आपला,
लेखक