पांढरी दोन

आमच्या मंडळाचा नियम सोपा आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चारला वांद्र्याला जमायचं, येताना जॅझ किंवा ब्लूजची एक रेकॉर्ड आणायची आणि तिच्याबद्दल पाच मिनिटं बोलायचं. रेकॉर्ड आणण्यापर्यंतचा भाग सगळे निष्ठेने पाळतात.

पुढे मात्र मुलगी बघायला जावं आणि मुलीचा मामाच बोलत बसावा तसं होतं. तीन मिनिटांच्या तबकडीला चाळीस मिनिटांची प्रस्तावना. एकाला 1978 च्या पहिल्या जॅझ यात्रेची, म्हणजे मुंबईतल्या जॅझ महोत्सवाची, आठवण येते. ती एकाला आली की सगळ्यांना येते. त्या वर्षी आपण तिथे होतो असं सांगणारी जेवढी माणसं मला आजवर भेटली आहेत, तेवढी खरंच आली असती तर रंगभवन सोडाच, शेजारचं क्रॉस मैदानही पुरलं नसतं.

सहा वर्षांत मी नेलेली एकही रेकॉर्ड पास झालेली नाही. ‘ही आहे माझ्याकडे,’ असं कुणीतरी म्हणतंच. मग सावकाश, ‘पण माझी जपानी छपाईची आहे.’ आमच्यात जपानी म्हणजे देवगडचा हापूस. आपल्याकडे छापलेली म्हणजे पेटीत खाली दडवलेला कर्नाटकी.

ब्लूजवाल्यांचं दुखणं निराळं. रॉबर्ट जॉन्सन 1936 आणि 37 मध्ये मिळून 29 गाणी ध्वनिमुद्रित करून 1938 साली सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्या रेकॉर्डी मूळ गाण्यापेक्षा जलद फिरतात, असं काही श्रोत्यांचं म्हणणं आहे आणि आमचे ब्लूजवाले त्या पंथातले. त्यामुळे आम्ही दर महिन्याला एकच गाणं दोनदा ऐकतो, एकदा जगासारखं आणि एकदा त्यांच्यासारखं हळू. हळू लावलं की जॉन्सन नुकताच जेवून उठल्यासारखा वाटतो.

तर गेल्या महिन्यात अण्णा, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे आले होते. बायकोची भिशी होती. ‘त्यांनाही ने. गाण्याचंच आहे ना?’ मी म्हटलं, ‘अगं, ते गाणं वेगळं.’ पण भिशीपुढे कुणाचं चालतं?

अण्णांची हयात गेली पेट्या, म्हणजे हार्मोनियम, सुरात लावण्यात. पेटीचा सूर टोकाला कानशीने घासला की चढतो, बुडाशी घासला की उतरतो, एवढ्या भांडवलावर त्यांनी दोन मुलींची लग्नं केली. जॅझ म्हणजे काय ते त्यांनी लोकलमध्ये विचारलं. वांद्रे आलं तरी मला सांगता आलं नव्हतं.

त्या दिवशी पहिल्या-प्रतवाल्यांची पाळी होती. ते फक्त पहिल्या छपाईच्या प्रती जमवतात. जॅझ ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’, 1959 ची, अमेरिकेहून आणलेली. त्यांनी आधी ती हातमोजे घालून फिरवून दाखवली. सुरुवातीच्या काही प्रतींवर मागच्या बाजूच्या दोन तुकड्यांची नावं उलटसुलट छापली गेली होती. ह्यांच्या प्रतीवर ती चूक आहे. म्हणून ती अस्सल, म्हणून महाग. अण्णांनी चष्मा पुसून ती चूक बघितली आणि अदबीने मान डोलावली.

सुई टेकली. सुरुवातीची कुजबुज संपली आणि बास विचारू लागला. ‘हा विचारतोय आणि मागचे टाळकरी होय-होय म्हणतायत,’ अण्णा माझ्या कानात म्हणाले. सहा वर्षांत त्या तुकड्याबद्दल इतकं नेमकं कुणी बोललेलं नव्हतं. मग त्यांनी खिशातून फोन काढला, तानपुऱ्याचं ॲप लावलं आणि फोन कानाशी धरून बसले.

‘राग काफी आहे. पट्टी पांढरी दोन. मधेच काळी दोनवर जातो, परत येतो. बरं आहे.’ थोडं थांबून, ‘पण चढा आहे.’

हे जरा मोठ्याने झालं. सगळ्यांनी वळून पाहिलं.

‘ह्याचं नाव काय?’ अण्णांनी विचारलं.

मी म्हटलं, ‘सो व्हॉट.’

‘सो व्हॉट काय? चढा आहे म्हणून सांगतोय!’

यजमानांचे वडील सिनेमाच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवायचे, म्हणून टर्नटेबलवर आलेला आळ ते घराण्यावर घेतात. त्यांनी दिवा लावून चकतीच्या कडेचे ठिपके दाखवले. जागच्या जागी स्थिर. म्हणजे 33⅓, एक केसही इकडेतिकडे नाही. अण्णांनी निमूटपणे फोन पुढे केला. तानपुरा आणि पियानो यांच्यामध्ये डास गुणगुणावा तशा बारीक लाटा येत होत्या. खोलीतल्या नऊ जणांनी त्या ऐकल्या. बशीतल्या सुरळीच्या वडीकडे गेलेला माझा हात तिथेच थांबला.

कारण ते सगळ्यांना माहीत होतं. 2 मार्च 1959 ला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत टेपचं मुख्य यंत्र किंचित हळू फिरत होतं, म्हणून त्या दिवशीचे तिन्ही तुकडे, ‘सो व्हॉट’ धरून, बरोबर वेगाने लावले की रेकॉर्डवर किंचित जलद आणि चढे वाजतात. दुसऱ्या यंत्रावरची टेप बरोबर होती. तिच्यावरून 1992 मध्ये दुरुस्ती झाली. हा किस्सा मी स्वतः त्याच सोफ्यावर बसून दोनदा सांगितला आहे. दोन्ही वेळा वडी खात.

‘उलटी करा,’ अण्णा म्हणाले. दुसरी बाजू एप्रिलातली. ॲप पांढरी पाचवर नेलं. ‘हां, लागला.’ आणि ‘ऑल ब्लूज’ संपेपर्यंत ते मांडीवर दादरा देत बसले. सहा मात्रा, चोख. मग पहिल्या-प्रतवाल्यांकडे वळून, ‘म्हणजे एकीकडे सूर चढा, दुसरीकडे नावं खोटी, आणि म्हणून किंमत जास्त?’

पहिल्या-प्रतवाल्यांनी हातमोजे काढले.

पुढच्या रविवारी रेकॉर्ड अण्णांनी आणायची आहे. मला ‘तुम्हीही या’ म्हणालेत. अण्णा गायिका केसरबाई केरकरांची भैरवी नेणार. जॅझ-ब्लूजचा नियम मी सांगून पाहिला, पण तोवर ब्लूजवाल्यांनी त्यांना ‘व्हॉयेजर’ची गोष्ट सांगून ठेवली होती. 1977 साली त्या यानातून अंतराळात गेलेल्या तबकडीवर लुई आर्मस्ट्राँग आहे, ब्लाइंड विली जॉन्सन आहे आणि ‘जात कहाँ हो’ म्हणणाऱ्या केसरबाईही. ‘तिथे एका ताटात बसतात, आणि तुमच्या वांद्र्यालाच सोवळं?’

काल रात्री साडेदहाला फोन वाजला. अण्णांचा. पलीकडे ब्लूजवाले. रॉबर्ट जॉन्सन खरा कुठल्या पट्टीत गायचा, याचा निकाल आजच हवा होता. अण्णांनी स्पीकरवर दोन्ही वेग ऐकले, तानपुरा लावला, बंद केला.

‘जावईबापू,’ ते म्हणाले, ‘हा जेवून गायचा की उपाशी, तेवढं यांना विचारा.’