मिरीची वाट कॉन्स्टॅन्टिनोपलवरून जातच नव्हती

शाळेच्या इतिहासातून स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये आणि तिथून व्हॉट्सॲपवर एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतं आहे: ‘१४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकलं, आशिया-युरोप व्यापाराचे खुष्कीचे मार्ग बंद झाले, मसाले महागले, म्हणून युरोपीयांना भारताचा जलमार्ग शोधावा लागला.’ कॉन्स्टॅन्टिनोपल म्हणजे आजचं इस्तंबूल. या वाक्यातलं साल तेवढं बरोबर आहे.

आधी तो ‘म्हणून’ बघू. पोर्तुगीजांनी मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउटा घेतलं १४१५ मध्ये. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बोजादोर भूशिर ओलांडून त्यांचं जहाज दक्षिणेला गेलं १४३४ मध्ये. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांचा मोठा जथा पोर्तुगालच्या लागुश बंदरात उतरवून वाटून घेतला, ते साल १४४४. पोप पाचव्या निकोलसने पोर्तुगालच्या राजाला मुसलमान आणि इतर ‘अश्रद्ध’ लोकांचे मुलूख जिंकून त्यांना कायमचं गुलाम करण्याची मुभा दिली १४५२ च्या जूनमध्ये. कॉन्स्टॅन्टिनोपल पडायला तेव्हा अकरा महिने होते. आफ्रिकेतलं सोनं, गुलाम आणि मदेइरा बेटावरची साखर यांवर ही मोहीम पोसली गेली. मिरीचं नाव ठळकपणे येतं ते बरंच नंतर.

आता ‘मार्ग बंद झाले’. नकाशावर बोट फिरवा. मलबारची मिरी अरबी समुद्र ओलांडून येमेनच्या एडन बंदरात, तांबड्या समुद्रातून वर, मग उंटांवरून कैरोला, नाईलमधून अलेक्झांड्रियाला आणि तिथून इटलीतल्या व्हेनिसच्या जहाजांत. म्हणजे खुष्कीचा पल्ला सगळ्यात तोकडा. कॉन्स्टॅन्टिनोपल या वाटेवर कुठेच लागत नाही. शिवाय इजिप्त होतं मामलूक सुलतानांचं. तुर्कांनी कैरो घेतलं १५१७ मध्ये, आणि तोवर गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात जाऊन सहा वर्षं उलटली होती.

तुर्कांनी ज्याची नाकेबंदी केली, तो काळा समुद्र. तिथे इटलीतल्याच जिनोआ या व्यापारी शहराचं खरंच नुकसान झालं, १४७५ मध्ये क्रिमियातलं काफा बंदर हातचं गेलं. जिनोआचा पैसा आणि खलाशी पश्चिमेकडे वळले, एवढा धागा या दाव्यात खरा आहे. व्हेनिसने मात्र कॉन्स्टॅन्टिनोपल पडल्यावर वर्षाच्या आत, एप्रिल १४५४ मध्ये, सुलतानाशी तह करून व्यापार पुन्हा सुरू केला.

भावांचंही तेच. १४५३ नंतर व्हेनिसमध्ये मिरी कडाडल्याचं दिसत नाही; पंधराव्या शतकात भाव एकंदरीत उतरलेच. उसळले ते शतकाच्या टोकाला, व्हेनिस आणि तुर्कांचं युद्ध जुंपल्यावर. वास्को द गामा तोवर केरळातलं कालिकत पाहून आला होता.

वाट उघडी होती याचे साक्षीदार खुद्द पोर्तुगीजच आहेत. १४८७ मध्ये त्यांच्या राजाने पेरु द कोव्हिल्यां याला हेरगिरीला धाडलं. तो व्यापाऱ्याच्या वेषात अलेक्झांड्रिया, कैरो, एडन करत कालिकत आणि गोव्यापर्यंत पोचला. म्हणजे त्याच ‘बंद’ वाटेने. मे १४९८ मध्ये गामाने कालिकतला पहिला माणूस किनाऱ्यावर उतरवला तो एक शिक्षा झालेला कैदी. त्याला लोकांनी नेलं ट्युनिसच्या दोन मुसलमानांकडे, ज्यांना स्पेनची आणि जिनोआची भाषा येत होती. ‘सैतानाने न्यावं तुला, इथे कसा आलास?’ हे त्यांचं स्वागत. ‘ख्रिस्ती माणसं आणि मसाले शोधायला,’ हे त्याचं उत्तर. भूमध्य समुद्राकाठची माणसं कालिकतात आधीच बसलेली होती, हे विसरायचं कसं?

मग गामा आला कशाला? मधल्या हातांचा नफा आपल्या खिशात घालायला. आणि वाट खरोखर अडवली ती त्याच्यामागून आलेल्यांनी. पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, नसलेलं जहाज लुटायचं किंवा बुडवायचं. कार्ताझवर नाखव्याचं नाव, जहाजाचा आकार, शस्त्रं, कुठून कुठे जाणार हे सगळं लिहिलेलं. मिरी भरायला मनाई. शिवाय पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरायची. ही दांडगाई मोडायला इजिप्तहून मामलुकांचं आरमार आलं. १५०८ मध्ये आपल्या चौलच्या खाडीत त्यांनी गुजरातच्या जहाजांच्या साथीने पोर्तुगीजांना हरवलं, त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. पुढच्या वर्षी दीवला पोर्तुगीजांनी उट्टं काढलं.

तरी नाकेबंदी गळकीच राहिली. तांबड्या समुद्राचं तोंड आवळायचं तर एडन हवं होतं. १५१३ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने तटाला शिड्या लावल्या, त्या माणसांच्या भाराने मोडल्या आणि हल्ला फसला. उरलेला किनारा राखायला जहाजं अपुरी, आणि ठाण्यांवरचे अधिकारी पैसे घेऊन डोळेझाक करणारे. १५६० च्या दशकात पोर्तुगीजांच्या लिस्बनला उतरणाऱ्या मिरीइतकीच मिरी तांबड्या समुद्रातून युरोपात पोचत होती. तेव्हा इजिप्तवर अंमल होता तुर्कांचा.