भाच्याचं एमएस आणि फ्लॅटचा इंडेक्स टू

परवा ताई आणि भाचा घरी आले. हातात प्लास्टिकची फाईल. वर तीन देशांची माहितीपत्रकं आणि तळाशी ताईच्या फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदीचा सरकारी उतारा, कर्जाला तारण द्यायला. तो दिसला तेव्हाच कळलं, सल्ला मागायला नाही, होकार न्यायला आलेत.

बँकेत असताना मी बरीच वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर काढली. कर्ज मंजूर झालं की पेढे यायचे. तीन-चार वर्षांनी त्यातलाच एखादा बाप एकटा यायचा, खुर्चीवर न बसता विचारायचा, "साहेब, हप्ता थोडा पुढे ढकलता येईल का?" पोरगा तिकडे गोदामात खोकी उचलतोय हे तो सांगायचा नाही, मीही विचारायचो नाही.

भाच्याला म्हटलं, पेन घे. अमेरिकेत दोन वर्षांचं एमएस, चाळीस लाख कर्ज. शिक्षण अधिक एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच. सगळं धरून पन्नास लाख झाले समज. साडेदहा टक्के, १५ वर्षं. हप्ता महिना साधारण ५५ हजार. "मामा, डॉलरमध्ये काहीच नाही हे!" बरोबर, डॉलर मिळत असतील तर. परत यावं लागलं आणि पुण्यात साठ हजारांची नोकरी लागली, तर?

तो गप्प बसला. ताईने विषय बदलून चहा टाकला. (माझ्या घरात, माझ्याच गॅसवर.)

माझा आक्षेप परदेशाला नाही, कर्जाच्या मुदतीला आहे. कर्ज १५ वर्षांचं आणि व्हिसाचे नियम कधी बदलतील त्याचा भरवसा नाही. कॅनडाने २०२४ च्या जानेवारीत विद्यार्थी व्हिसासाठी खात्यात दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून थेट २०,६३५ केली. ब्रिटनमध्ये मास्टर्सनंतर दोन वर्षं राहता येतं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळणार. अमेरिकेत नोकरीसाठी लागणारे एच-१बी व्हिसा वर्षाला ८५,००० आणि तेही सोडतीने. सोडतीच्या भरवशावर आपण म्हाडाचं घरसुद्धा धरत नाही!

फाईलमध्ये जर्मनी होतं, पण तिथलं खासगी विद्यापीठ. सरकारी का नाही, विचारलं. "कन्सल्टंट म्हणाला, अवघड असतं." असणारच! फुकट सल्ला देणाऱ्याचं पोट विद्यापीठाकडून मिळणाऱ्या कमिशनवर चालतं आणि सरकारी विद्यापीठं सहसा ते देत नाहीत. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग या एका राज्यात आपल्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, म्युनिकच्या टीयूने (तांत्रिक विद्यापीठाने) ही आता शुल्क लावलंय. राहण्या-खाण्यासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येईल अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायचे, महिन्याला ९९२ सुटतात. ते पैसे आपलेच, आपल्याच पोटात जातात.

फुकटातलं स्वर्गसुख नाही हे. आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएसचं प्रमाणपत्र लागतं, मोठ्या शहरांत खोली मिळता मिळत नाही आणि वर्ग इंग्रजीत असला तरी नोकरीच्या मुलाखतीत बऱ्याचदा जर्मनच विचारतात. म्हणून त्याला सांगितलं, आधी इथे क्लास लावून जर्मन बी-१ पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, शीक. एक वर्ष गेलं तर गेलं. कंटाळा आला तर फी वाया जाईल, फ्लॅट नाही.

ताईला पटलेलं नाही. "शेजारचा गेला, आमचाच का थांबवतोस?" म्हणाली आणि डबा न घेताच निघाली. भाच्याचा मात्र रात्री मेसेज आला, क्लासच्या बॅचची वेळ विचारत होता.

रविवारी दोघं पुन्हा येणार आहेत. इंडेक्स टू घरीच ठेवून ये, असं ताईला कळवलंय.