मृगाआधीची रस्सीखेच

वसंत आला की विलायतेत लोक गवत कापायचं मशीन अडगळीतून बाहेर काढतात म्हणे. आमच्या खान्देशात वसंतात कापायला उरतं काय? चैत्रात बांधावर जे उभं असतं ते उन्हानं वाळतं, आणि उन्हातून सुटलेलं बकऱ्या बघतात. 'लॉन' हा शब्द आम्हाला माहीत आहे, पण तो लग्नपत्रिकेतला. अमुक लॉन्स, धुळे रोड, जेवण सकाळी ११ पासून. तिथल्या हिरवळीवरून हजार माणसं वरण-बट्टी खाऊन चालत गेली की गवत पुन्हा डोकं वर काढत नाही.

१८३० साली इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या माणसानं गवतकापणी यंत्राचं पेटंट घेतलं. कापडगिरणीत कापडावरची लव भादरणारं यंत्र बघून त्याला ते सुचलं होतं. गिरण्या आमच्याकडेही होत्या, अमळनेरला होती, जळगावला होती. पण कापडाची लव बघून आमच्याकडे कुणाला गवत आठवलं नाही. घरी विळा होता.

आता विळ्याला माणूस मिळत नाही, म्हणून घरोघरी ब्रश कटर, म्हणजे लांब दांड्याचं पेट्रोलवर चालणारं गवतकापणी मशीन. ७ जूनच्या आसपास मृग लागतं, दोन सरी पडतात, आणि आठवड्यात हराळी, केना, गाजरगवत सगळे पाहुणे एकदम हजर. तेव्हा मशीनची आठवण होते. ते दिवाळीपासून गोठ्याच्या भिंतीला टेकून उभं असतं, टाकीत अर्धा पेला पेट्रोल घेऊन. साऱ्या दुखण्याचं मूळ तो अर्धा पेला.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यात आमचा ४५ अंशांचा मे महिना. पेट्रोलमधलं हलकं ते उडून जातं आणि खाली चिकट राळ राहते. झाकण उघडून वास घ्या. जुन्या वार्निशसारखा आला तर सगळं काढून टाका. 'नवीन ओतलं की जुनं आपोआप सुधारेल' हा विचार पोरांच्या बाबतीतही खरा ठरलेला नाही.

नवीन पेट्रोलमध्ये टू टी ऑईल, म्हणजे टू स्ट्रोक इंजिनाचं ऑईल. पुस्तिकेत २५:१ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. हे मोजायला मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणा. आमच्याकडचं चालू माप म्हणजे 'अंदाजे दोन झाकणं', आणि झाकण कशाचं हे कुणीच सांगत नाही. ऑईल कमी पडलं तर पिस्टन घासून जाम, जास्त झालं तर धूर आणि काळा प्लग. (फोर स्ट्रोकवाल्यांनी पेट्रोलमध्ये ऑईल घालायचंच नाही, त्यांचं ऑईल इंजिनात वेगळं असतं. त्यांनी एवढी ओळ वाचून चहा घ्यावा.)

मग तपासणी. सायलेन्सरच्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं असतं, ते काडीनं मोकळं करा. पेट्रोलची नळी उंदरानं चाखलेली असते, ती बदला. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवा, दाबून निथळा, पिळू नका, फाटतो. वाळल्यावर दोन-तीन थेंब ऑईल चोळा. कार्बोरेटरचं जेट स्प्रेनं किंवा वायरच्या तांब्याच्या बारीक तारेनं साफ करा. घरातली सुई घातली की भोक मोठं होतं, आणि मग मशीन उतारवयातल्या माणसासारखं सारखं खोकत राहतं. आतली रबरी पडदी बोटानं दाबून बघा. मऊ पाहिजे. ज्वारीच्या बिबड्यासारखी कुरकुरली तर नवीन घ्या.

प्लगचा रंग बिस्किटासारखा असला तर प्रकृती उत्तम. काळा आणि ओला असेल तर ऑईल जास्त. फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर.

आता मशीन सुरू करायची दोरी. इथे गाव जमतं. चोक, म्हणजे हवेची झडप, बंद करायची, पेट्रोल ओढणारा रबरी फुगा सात-आठ वेळा दाबायचा, दोरी हळू ओढत अडेपर्यंत आणायची आणि मग एकच झटका. तीन-चार झटक्यांत एक 'फुट्ट' येतो. हा फुट्ट ऐकायला कान लागतो, कारण त्याच क्षणी चोक उघडायचा असतो. नाही उघडला तर पेट्रोल आत तुंबतं आणि पुढचे चाळीस झटके फक्त खांद्यासाठी. नेमके तेव्हाच ओट्यावरून विचारतात, "भो, पेट्रोल टाकेल शे का?" उत्तर देऊ नये. प्लग काढावा, चोक उघडा ठेवून पाच-सहा वेळा दोरी ओढावी, प्लग पुसून लावावा आणि पुन्हा ओढावी. चोक उघडाच.

पात्याचा नट उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. हे माहीत नसलेला माणूस पान्याला पाईप लावून जोर करतो आणि आटे खाऊन टाकतो. पात्याजवळच्या गिअरपेटीत २०-२५ तासांच्या कामाला एकदा ग्रीस भरा.

बांधावर दगड असतील तर पात्याऐवजी नायलॉनची तार बरी. ही कल्पना ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलासला १९७१ मध्ये गाडी धुणारे गरगर ब्रश बघून सुचली. वर्षभर उन्हानं सुकलेली तार काचेसारखी तुटते, म्हणून ती रात्रभर पाण्यात भिजत घाला, मटकीसारखी. मशीनच्या ज्या डोक्यात तार बसते त्यावरच्या बाणाच्या दिशेनं गुंडाळा. चष्मा आणि बूट घाला. चपलेवर कापणारे लोक आहेत, त्यांच्या नडग्या बघून ओळखू येतात.

मशीन एकदा धडाडलं की शेजारचा शेतकरी बांध ओलांडून येणारच. "दे ना भो, दोन तासनं काम शे." नाही म्हणता येत नाही, कापसाला त्याचाच ट्रॅक्टर लागतो. मशीनबरोबर मिश्रणाची भरलेली बाटलीही द्या, नाहीतर तो ऑईलशिवायचं पेट्रोल ओतेल, आणि त्याच्या मोटरसायकलच्या टाकीकडे वळलेली त्याची नळी आधी काढून घ्या.