स्मरणाला दहा जण लागतात

मी राहते त्या अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये, स्क्विरल हिल भागातल्या ‘ट्री ऑफ लाइफ’ सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, २७ ऑक्टोबर २०१८ च्या शनिवारी सकाळी एका बंदूकधाऱ्याने अकरा ज्यूंचा जीव घेतला. सर्वांत वयस्कर आजी ९७ वर्षांच्या होत्या. त्या एकाच इमारतीत तीन मंडळींच्या, म्हणजे तीन प्रार्थना-समूहांच्या, प्रार्थना चालत. तिन्ही मंडळींची माणसं गेली. ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ लागतात. ते दहा भरावेत म्हणून नेमाने लवकर येऊन बसणारेच बळी पडले.

मृतांसाठीची ‘कद्दिश’ ही प्रार्थनाही एकट्याने म्हणायची नसते, तिलाही दहा जण हवेत. आपलं वर्षश्राद्ध घरच्यांचं असतं. इथे मात्र ज्याचं माणूस गेलं त्याच्या शेजारी उभं राहणं हे इतरांचं कर्तव्यच ठरतं. हिब्रू पंचांगातल्या तिथीला कुटुंबं आपापला दिवस पाळतात आणि ऑक्टोबरअखेरीस गावाचा कार्यक्रम होतो. रक्तदान, धर्मग्रंथाचं सामूहिक वाचन, मग अकरा नावं. प्रत्येक नावाला घरचं कुणीतरी पुढे येऊन ज्योत लावतं. मारेकऱ्याचं नाव मी तिथे एकदाही ऐकलेलं नाही.

म्हणून इथे सगळे एकमताचे आहेत असं नाही. २०२३ मध्ये मारेकऱ्याला मृत्युदंड झाला, तेव्हा बहुतेक कुटुंबांना तो हवा होता, पण तीनपैकी दोन मंडळींनी सरकारला पत्र लिहून विरोध केला होता. इतका खोल मतभेद असूनही स्मरणाच्या दिवशी ते एकत्र उभे राहिले. मला सर्वांत मोठं वाटतं ते हे.

आता आपल्याकडचं. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले; २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तेव्हा मराठी वाहिन्यांवरच्या चर्चा मी इथून रात्र-रात्र ऐकल्या. तपास कुणी बिघडवला, कोणत्या सरकारच्या काळात, निकालाने कोण खूश झालं. हे प्रश्न खोटे नाहीत. एकोणीस वर्षांनी गुन्हेगार कोण हेच ठाऊक नसणं भयंकर आहे, आणि निर्दोष माणसांनी इतकी वर्षं तुरुंगात काढली असतील तर तेही तितकंच भयंकर. पण त्या सगळ्या गदारोळात गेलेल्यांपैकी एकाचं तरी नाव माझ्या कानावर पडलं का? नाही.

पिट्सबर्गशी सरळ तुलना अन्यायाची होईल, हे मान्य. इथला समाज एकमेकांना ओळखणारा, संघटित आहे, आणि इथे निकाल लागला. लोकलच्या डब्यात सगळ्या जातिधर्मांची माणसं होती. एक गाडी सोडली तर त्यांना जोडणारं काही नव्हतं. त्यांच्यासाठी दहा जण कोण होणार?

पण मी विरारला वाढले. गाडी कुणाला म्हणतात ते मला माहीत आहे. रोजची ६:१० ची जागा राखणारे, दसऱ्याला डबा सजवणारे, टाळ घेऊन चढणारे भजनी मंडळ, डोहाळजेवण डब्यातच करणाऱ्या बायका. हा समाज नाही तर काय? धाकट्या भावाला फोनवर म्हटलं, ११ जुलैला संध्याकाळी माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, मीरा रोड, बोरिवली इथे त्या-त्या गाडीतल्यांची नावं नुसती वाचा. तो म्हणाला, “ताई, परवानगी कोण देणार? आणि नावं वाचली की लोक आडनावं मोजायला लागतील.”

मोजू देत, मी म्हटलं. सगळीच नावं वाचली तर मोजणाऱ्याला सगळीच ऐकावी लागतील. परवानगीचं म्हणशील तर डब्यात भजन म्हणायला आजवर कुणी कधी अर्ज केला होता? तो ‘बघू’ म्हणालाय. मी दर आठवड्याला विचारणार आहे.