ब्रदरन मंडळीबद्दल फिरणारा तो मेसेज चुकीचा आहे

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. ब्रदरन चर्च हा ख्रिस्ती पंथ अलेक्झांडर मॅक या एकाच माणसाने अमेरिकेत काढला, तो आणि प्लायमाउथ ब्रदरन नावाचा पंथ एकच, आणि गुलामांच्या जिवावर पैसा करून त्यांनी इकडे मिशन आणलं. आपलीच माणसं न वाचता पुढे ढकलतायत याचं फार वाईट वाटतं.

सुरुवात अमेरिकेत नाही, जर्मनीत झाली. 1708 ला श्वार्त्सेनाऊ गावी एडर नदीत आठ जणांनी बाप्तिस्मा घेतला, पाच पुरुष तीन बायका. मॅक पुढारी होता हे खरं, पण त्याला बाप्तिस्मा कोणी द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि ते नाव कुणालाच सांगायचं नाही असं ठरलं, उद्या त्या माणसाच्या नावाने पंथ नको म्हणून. आणि यांना म्हणे एका माणसाचं चर्च!

अमेरिकेतली पहिली मंडळी फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाऊनची, आणि ती उभी राहिली तेव्हा मॅक तिथे नव्हताच, तो आला 1729 ला. 1719 ला पीटर बेकर नावाच्या विणकरासोबत जर्मनीतल्या क्रेफेल्डची काही कुटुंबं गेली होती, पण तिकडची भांडणं मनात घेऊनच गेली, पांगली, आणि मंडळी अशी काही चार वर्षं झालीच नाही. मग 25 डिसेंबर 1723 ला, ऐन थंडीत, बेकरने विसाहिकन ओढ्यात सहा जणांना तीनतीनदा पुढे बुडवून बाप्तिस्मा दिला आणि संध्याकाळी एका घरात 23 जण प्रीतिभोजनाला बसले, एकमेकांचे पाय धुतले, भाकर आणि प्याला घेतला. दगडी सभागृह 1770 ला झालं, तोवर उपासना घराघरांतून. पैसेवाले असते तर एवढी वर्षं थांबले असते का?

गुलामांचं म्हणाल तर 1797 च्या वार्षिक सभेत ठरलं की मंडळीतल्या कुठल्याही भावाने किंवा बहिणीने, म्हणजे सभासदाने, गुलाम ठेवायचा नाही. नियम करावा लागला म्हणजे कुणाकडे तरी होते, ते लपवायचं कारण नाही, पण गुलामांवर उभी राहिलेली मंडळी असा नियम कशाला करेल?

प्लायमाउथवाले तर शंभरेक वर्षांनंतरचे, आयर्लंड-इंग्लंडमधले, नाव सोडलं तर संबंध नाही. आपल्याकडे 1894 ला आलेलं आणि बलसाड (आताचं वलसाड), डहाणूला काम केलेलं मिशन जर्मनटाऊनच्या परंपरेतलं. ते चर्च 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या अनेक चर्च मिळून झालेल्या चर्चमध्ये सामील झालं, प्लायमाउथच्या असेंब्ल्या (त्यांच्या मंडळ्या) त्यात गेल्या नाहीत, आजही वेगळ्याच आहेत.